सिनॅप्सच्या दोन रंगांतलं अंतर दर वेळी वेगळं येतंय? अँटीबॉडी फेकण्याआधी हे तपासा

प्रॉब्लेम बहुतेकांच्या ओळखीचा असेल. रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधल्या न्यूरॉनचं कल्चर, सिनॅप्स म्हणजे दोन न्यूरॉनमधला सांधा, त्याच्या प्रीसिनॅप्टिक (सिग्नल देणाऱ्या) बाजूला बॅसून हे प्रोटीन, पोस्टसिनॅप्टिक (सिग्नल घेणाऱ्या) बाजूला होमर-१ नाहीतर पीएसडी-९५ हे प्रोटीन, दोन्ही अँटीबॉडीने रंगवलेली, आणि दोन रंगांत डीस्टॉर्म, म्हणजे लुकलुकणारे रेणू हजारो फ्रेममध्ये एकेक टिपून त्यांच्या ठिपक्यांतून इमेज बांधायची पद्धत. एका दिवशी इमेज झकास येते, दोन समांतर पट्ट्या आणि मधे स्वच्छ फट, आणि पुढच्या आठवड्यात त्याच बॅचची कव्हरस्लिप, तोच प्रोटोकॉल, तरी दोन्ही रंग एकमेकांच्या अंगावर चढलेले, नाहीतर फट एवढी मोठी की मधे व्हेसिकलची (सिग्नलचं रसायन भरलेल्या पिशव्यांची) अख्खी रांग मावेल. मग लॅबमधलं कोणीतरी म्हणतं की अँटीबॉडीचा लॉटच बेकार आलाय, नवीन मागवली जाते, ती येईपर्यंत महिना जातो आणि आली की येरे माझ्या मागल्या. यात अँटीबॉडीचा दोष कधीकधी असतो, नाही असं नाही, पण माझ्या बघण्यात बऱ्याच वेळा घोडं वेगळीकडेच पेंड खात असतं, ते म्हणजे दोन चॅनेल, म्हणजे दोन रंगांच्या इमेज, एकमेकांवर नीट बसलेलेच नसतात.

कॉन्फोकलवर (नेहमीच्या लेझर मायक्रोस्कोपवर) हे का कळत नाही ते आधी बघू. कॉन्फोकलचं रिझोल्युशन आडवं २०० ते २५० नॅनोमीटर, अ‍ॅबेने १८७३ मध्ये मांडलेली मर्यादा ती हीच. आणि सिनॅप्टिक क्लेफ्ट (दोन न्यूरॉनमधली फट) केवढी, तर साधारण २० नॅनोमीटर, व्हेसिकल ४० च्या आसपास, पीएसडीची (पोस्टसिनॅप्टिक बाजूच्या दाट प्रोटीन थराची) जाडी ३० ते ५० आणि रुंदी काहीशे नॅनोमीटर. २०१० मध्ये बॉस्टनजवळ हार्वर्डला झुआंग आणि ड्युलाक यांच्या लॅबनी मिळून स्टॉर्मने सिनॅप्स मोजले तेव्हा बॅसून आणि होमर यांच्यातलं अंतर दीडशे नॅनोमीटरच्या आसपास आलं होतं. आता तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सॅम्पलवर १०० ते १६० नॅनोमीटरचा असतो. म्हणजे चॅनेल एक पिक्सेलभर जरी सरकला तरी तुम्हाला मोजायची आहे ती सगळी फट गिळली जाते नाहीतर दुप्पट होते, आणि कॉन्फोकलवर हाच शिफ्ट कोणाच्या बापाला दिसत नाही. म्हणून 'कॉन्फोकलवर तर ठीक दिसतंय की' या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

आता टेस्ट. यासाठी नवीन एक्सपेरिमेंट लागत नाही, जो डेटा बिघडलाय असं वाटतंय तोच घ्या. प्रत्येक सिनॅप्सचा बॅसूनच्या क्लस्टरचा मध्य काढा, होमरच्या क्लस्टरचा मध्य काढा, एकातून दुसरा वजा करा, एक बाण मिळेल. असे शंभरेक तरी सिनॅप्स घ्या, पूर्ण फील्डमधून घ्या, एकाच डेन्ड्राइटच्या एकाच बाजूचे घेऊ नका कारण तिथे सगळे सिनॅप्स खरंच एका दिशेला तोंड करून असू शकतात. सगळ्या बाणांच्या शेपट्या एका बिंदूवर ठेवा आणि टोकांचे ठिपके काढा. कल्चरमध्ये अ‍ॅक्सॉन आणि डेन्ड्राइट वाटेल त्या दिशेला धावतात, सिनॅप्सना उत्तर-दक्षिण कळत नाही, त्यामुळे ठिपके शून्याभोवती गोल पसरायला पाहिजेत. तो गोल जर शून्यावर न बसता उजवीकडे ८० नॅनोमीटर सरकून बसलाय तर ते ८० नॅनोमीटर ऑप्टिक्सचे, सिनॅप्सचे नाहीत. गोल शून्यावरच आहे पण आक्रसलाय तर मात्र स्टेनिंगकडे, ब्लीड-थ्रूकडे (एका रंगाचा सिग्नल दुसऱ्यात गळण्याकडे), बफरकडे बघायचं. सरासरी अंतराचा एक आकडा काढून बसणारे लोक इथेच फसतात, कारण अंतर काढताना दिशा फेकून दिली जाते आणि सगळी माहिती तर दिशेतच होती.

हाच प्लॉट दोन वेळा तुकडे करून परत काढायचा. एकदा फील्डचे चार भाग करून, प्रत्येक भागाचा वेगळा. चारही ठिकाणी गोल एकाच दिशेला तेवढाच सरकला असेल तर सरळ सरळ सरकणं आहे, फिल्टर नाहीतर ड्रिफ्ट (रेकॉर्डिंग चालू असताना स्टेज हळूहळू सरकणं). पण मधे शून्य आणि कडांकडे गेलं की गोल बाहेरच्या दिशेला सरकत जातो असं दिसलं तर दोन रंगांचं मॅग्निफिकेशन किंचित वेगळं आहे, म्हणजे क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन. आणि दुसऱ्यांदा रेकॉर्डिंगच्या फ्रेमचे दोन गट करून, आधीच्या निम्म्या फ्रेमचा प्लॉट आणि नंतरच्या निम्म्यांचा, तिथे फरक पडला तर ड्रिफ्ट, विषय संपला.

सगळ्यात जास्त वेळा मला जे सापडलंय ते ड्रिफ्टचंच एक चोरटं रूप आहे, त्यामुळे त्यावर जरा जास्त लिहितो. आपण शक्यतो लांब तरंगलांबीचा रंग आधी घेतो, अलेक्सा ६४७ हा डाय आधी, मग ५६१ नॅनोमीटरचा लेझर लावून सीएफ ५६८ वगैरे. एका रंगाच्या २० ते ४० हजार फ्रेम, २० मिलिसेकंदाचं एक्स्पोजर धरलं तर सात ते तेरा मिनिटं, मग फिल्टर बदल, परत तेवढीच मिनिटं. नंतर फिजी या सॉफ्टवेअरमध्ये थंडरस्टॉर्म हा प्लगिन उघडून प्रत्येक चॅनेलला क्रॉस-कोरिलेशनने (आधीची आणि नंतरची इमेज जुळवून) ड्रिफ्ट करेक्शन लावायचं, ग्राफ छान येतो, मन समाधानी. पण ते करेक्शन प्रत्येक चॅनेलला त्याच्या स्वतःच्या सुरुवातीशी जुळवतं. पहिल्या चॅनेलची शून्य फ्रेम आणि दुसऱ्या चॅनेलची शून्य फ्रेम यांच्या मधे जी पंधरा मिनिटं गेली, त्यात स्टेज जेवढी सरकली ते कोणी दुरुस्त केलं? कोणीच नाही! ते सगळं जसंच्या तसं तुमच्या सिनॅप्टिक फटीत जाऊन बसतं, आणि दर वेळी वेगळं असतं कारण स्टेज दर वेळी वेगळी सरकते. दोन्ही चॅनेलच्या इमेज एकेकट्या बघितल्या तर एकदम शार्प, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. यावर उपाय एकच, दोन्ही रंगांत दिसणारी काहीतरी स्थिर खूण त्याच फील्डमध्ये हवी, सोन्याचे १०० नॅनोमीटरचे कण किंवा चार रंगांचे टेट्रास्पेक बीड, आणि दोन्ही चॅनेल त्या खुणेच्या हिशोबाने जुळवायचे, चॅनेलच्या स्वतःच्या शून्य फ्रेमच्या हिशोबाने नाही.

बीड कुठे टाकता यालाही महत्त्व आहे. अनेक जण वेगळ्या स्लाइडवर बीड वाळवून ठेवतात आणि महिनाभर तीच वापरतात, त्या स्लाइडवर मिळालेलं ट्रान्सफॉर्म (एक चॅनेल दुसऱ्यावर बसवायचं गणित) न्यूरॉनवर लावतात. बीड काचेला चिकटलेले, कुठल्यातरी वेगळ्याच मीडियममध्ये, आणि तुमचा सिनॅप्स काचेपासून एक-दोन मायक्रॉन वर, बफरमध्ये. रंगांचा शिफ्ट काचेपासूनच्या खोलीप्रमाणे आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सप्रमाणे बदलतो. म्हणून बीड त्याच कव्हरस्लिपवर, स्टेनिंग झाल्यावर, शेवटच्या वॉशनंतर टाका, काही बीड न्यूरॉनवरही बसतात ते आपल्या फायद्याचंच. बीड घेताना लेझर पॉवर खूप कमी करा, डीस्टॉर्मच्या पॉवरला बीड कॅमेरा सॅच्युरेट करतात आणि सॅच्युरेट झालेल्या बीडचा मध्य भरवशाचा नसतो. फिल्टर, डायक्रोइक (रंग वेगळे करणारा आरसा) मात्र इमेजिंगला होते तेच ठेवा.

ट्रान्सफॉर्म काढताना अजून एक गोष्ट, अफाइन ट्रान्सफॉर्मला (सरकवणं, फिरवणं, ताणणं एवढंच करणाऱ्या) तीन बीड पुरतात हे गणितात खरं, फील्डमध्ये नाही. सगळ्या फील्डभर पसरलेले जेवढे मिळतील तेवढे घ्या, त्यातले निम्मे ट्रान्सफॉर्म काढायला वापरा आणि उरलेल्या निम्म्यांवर ते लावून बघा किती चूक राहते. ज्या बीडवर फिट केलं त्यांच्यावरच चूक मोजली तर ती कमीच येणार, स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासल्यासारखं आहे ते. बाजूला ठेवलेल्या बीडवर १०-१५ नॅनोमीटरच्या आत चूक आली तर सिनॅप्सचं अंतर मोजायला बसा, ५० येत असेल तर बसू नका.

फिल्टर क्यूबचं सांगायचं राहिलं. दोन रंगांसाठी दोन वेगळे क्यूब टरेटमध्ये (फिरत्या चकतीत) फिरवत असाल तर प्रत्येक क्यूबचा डायक्रोइक किंचित वेगळ्या कोनात असतो, आणि टरेट दर वेळी अगदी तंतोतंत त्याच जागी थांबत नाही. म्हणून शिफ्ट नुसता असतो असं नाही, तो रोज बदलतो, आणि 'मागच्या आठवड्यात ठीक होतं' या तक्रारीचं एक मोठं कारण हेच. शक्य असेल तर मल्टिबँड डायक्रोइक एकच ठेवा आणि फक्त एमिशन फिल्टर व्हीलमध्ये बदला, किंवा बीमस्प्लिटरने दोन्ही रंग एकाच कॅमेऱ्याच्या दोन भागांवर टाका, तिथे शिफ्ट मोठा असतो पण निदान स्थिर असतो, आणि स्थिर शिफ्ट काढून टाकता येतो.

खोलीचं तापमान हा आपल्याकडचा खास विषय. उन्हाळ्यात एसी १८ वर आणि त्याचा झोत थेट स्टेजवर, कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की ड्रिफ्टच्या ग्राफमध्ये लाटा दिसतात, अगदी मोजून घ्या, लाटेचा वेळ आणि कॉम्प्रेसरचा वेळ जुळतो. झोत दुसरीकडे वळवा, पुठ्ठा लावा, स्टेजभोवती बॉक्स असेल तर दारं बंद ठेवा. लेझर आणि कॅमेरा चालू करून तास-दीड तास जाऊ द्या. पावसाळ्यात लाइट जाऊन जनरेटरवर गेलं तर यूपीएसमुळे लेझर बंद पडत नाही हे खरं, पण एसी बंद पडतो, तेव्हा त्या दरम्यानचा डेटा मोजमापाला घेऊ नका, दिसायला कितीही चांगला असला तरी. आणि नवीन फील्डवर गेल्यावर लगेच रेकॉर्ड दाबू नका, ऑइल चिकट असतं, ते कव्हरस्लिपला ओढत राहतं, चार-पाच मिनिटं थांबलं की शांत होतं. कव्हरस्लिप होल्डरमध्ये घट्ट आहे ना तेही बघा, हे लिहायला बावळट वाटतं पण सैल स्क्रू सापडलेला आहे.

ऑटोफोकसवर फार विसंबू नका. तो काच आणि पाणी यांच्या सीमेवरून येणारं इन्फ्रारेड रिफ्लेक्शन पकडतो, बफरमध्ये ठीक चालतो, पण काचेच्या जवळपासच्या इंडेक्सचं माउंटिंग मीडियम वापरलं की ते रिफ्लेक्शन इतकं क्षीण होतं की बिचारा वरखाली शोधत बसतो आणि तुमचे क्लस्टर फुगतात.

स्टेड (डोनटच्या आकाराच्या दुसऱ्या लेझरने कडेचा प्रकाश विझवून फक्त मधला ठेवायची पद्धत) वापरणाऱ्यांना यातला निम्मा त्रास नाही, आणि दोन रंगांतलं अंतर हाच जर तुमचा मुख्य प्रश्न असेल तर माझं मत सरळ स्टेडकडे जातं. कारण असं की स्टार ५८० आणि स्टार ६३५पी सारख्या डायच्या जोडीला एकच ७७५ नॅनोमीटरचा डिप्लीशन (विझवणारा) लेझर चालतो, आणि सिग्नल कुठून येणार हे डोनटच्या मधलं शून्य ठरवतं, एक्सायटेशन थोडं सरकलेलं असलं तरी. दोन्ही रंगांना डोनट तोच, म्हणून रंग आपोआप जुळतात. फक्त दोन पथ्यं पाळा. रंग लाइनप्रमाणे आलटून पालटून घ्या, एक पूर्ण फ्रेम आणि मग दुसरी असं नको, नाहीतर मधला ड्रिफ्ट परत आत घुसतो. आणि स्कॅन एकाच दिशेने करा, दोन्ही दिशांनी केला तर जाताना आणि येताना लाइन थोड्या सरकतात आणि सिनॅप्सच्या कडा दातेरी होतात.

एक्सपान्शनवाल्यांचं (सॅम्पल जेलमध्ये बसवून फुगवणाऱ्यांचं) थोडक्यात, बाण सगळीकडे सारखे पसरलेत पण सगळी अंतरं एकाच पटीत कमी-जास्त येतायत असं असेल तर जेल किती फुगलं ते त्या जेलवरच मोजा, प्रोटोकॉलमधला साडेचार पटीचा आकडा डोळे झाकून लावू नका. आणि जेल पाण्यात घसरत असेल तर पॉली-लायसिन लावलेल्या काचेवर ठेवा.

आता समजा गोल शून्यावर नीट बसलाय पण लहान आलाय. मग सॅम्पलकडे. सगळ्यात पहिली शंका ब्लीड-थ्रू, एका रंगाचा सिग्नल दुसऱ्यात गळला की दोन्ही मध्य एकमेकांकडे ओढले जातात. एकेकाच रंगाने स्टेन केलेल्या कव्हरस्लिप, दोन्ही चॅनेलमध्ये, दर वेळी करा, कंटाळा आला तरी. अलेक्सा ६४७ आधी जोरात जाळल्यावर त्याचे काही रेणू निळ्या बाजूला सरकून ५६१ च्या चॅनेलमध्ये चमकतात हे माहीत असू द्या, म्हणजे बॅसून ६४७ मध्ये असेल तर होमरच्या चॅनेलमध्ये बॅसूनचं भूत दिसतं. एक प्रायमरी (थेट प्रोटीनला बसणारी अँटीबॉडी) माउसची आणि दुसरी रॅटची असेल तर क्रॉस-अ‍ॅड्सॉर्ब्ड सेकंडरी (प्रायमरीवर बसणारी रंगीत अँटीबॉडी, जी दुसऱ्या प्राण्याच्या प्रायमरीला चिकटत नाही अशी) घ्या, किंवा रॅबिट आणि गिनीपिगची जोडी लावून कटकटच मिटवा.

यातला गोंधळ सोडवायला दोन कंट्रोल फार उपयोगी आहेत. एक, रंगांची अदलाबदल, आज बॅसून ६४७ आणि होमर ५६८, उद्या उलटं. गोल सरकलेला असेल आणि अदलाबदल केल्यावर बाणांचं सरकणंही उलटं झालं तर ते रंगाबरोबर चालतंय, प्रोटीनबरोबर नाही. दुसरा, एकाच प्रायमरीवर दोन रंगांच्या सेकंडरी मिसळून टाका, दोन्ही चॅनेलमध्ये एकच गोष्ट दिसायला पाहिजे आणि अंतर शून्याच्या आसपास पाहिजे. ते जेवढं येईल तेवढी तुमच्या मोजमापाची खरी चूक, पेपरमध्ये लिहायची ती हीच, बीडची नाही.

बफरमुळेही क्लस्टर आक्रसतात. डीस्टॉर्मच्या बफरमधलं ग्लुकोज ऑक्सिडेज (ऑक्सिजन संपवणारं एन्झाइम) काम करताना ग्लुकोनिक अ‍ॅसिड तयार करतं, काही तासांत पीएच घसरतो, ब्लिंकिंग बिघडतं, एकाच वेळी शेजारशेजारचे दोन-तीन रेणू पेटून राहतात आणि सॉफ्टवेअर त्यांच्या बरोब्बर मधे एक खोटा ठिपका ठेवतं. सकाळचे सिनॅप्स पट्ट्यांसारखे आणि संध्याकाळचे गोळ्यांसारखे दिसत असतील तर बफर बदला, चेंबर वरून नीट झाका म्हणजे हवा आत जाणार नाही.

एपिटोप (प्रोटीनच्या ज्या भागाला अँटीबॉडी बसते तो) बघा, हा खरा बायोलॉजीचा भाग. बॅसून हे अवाढव्य प्रोटीन, ४२० किलोडाल्टन, आणि ते सिनॅप्समध्ये उभं लागलेलं असतं, सी-टोक मेंब्रेनच्या जवळ आणि एन-टोक आत. त्यामुळे अँटीबॉडी कुठल्या टोकाला बसते यावर अंतर बदलतं, क्लोन बदलला आणि अंतर बदललं तर दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. पलीकडेही तसंच, पीएसडी-९५ मेंब्रेनजवळ, होमर त्याच्या मागे आत. एका पेपरमधलं बॅसून-होमर आणि आपलं बॅसून-पीएसडी-९५ यांची तुलना करून घाबरू नका. त्यात प्रायमरी अधिक सेकंडरी म्हटलं की डाय खऱ्या जागेपासून २० नॅनोमीटर लांब बसू शकतो, नॅनोबॉडी (अगदी छोटी अँटीबॉडी) घेतली तर हे बरंच कमी होतं. फिक्सिंगबद्दल एवढंच, पीएसडी-९५ च्या कित्येक अँटीबॉडींना ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्माल्डिहाइड) जास्त वेळ झालेला चालत नाही, दहा मिनिटांच्या आसपास ठेवा, नाहीतर मोजकेच ठिपके मिळतात आणि इतक्या कमी ठिपक्यांचा मध्य कुठेही भरकटतो.

शेवटी एक गोष्ट जी प्रॉब्लेमच नाहीये. सिनॅप्स तुमच्याकडे तोंड करून असेल, म्हणजे तुम्ही वरून त्याच्या चेहऱ्याकडे बघताय, तर टू-डी इमेजमध्ये दोन्ही रंग एकमेकांवर पडणारच, तसे पडायलाच हवेत. म्हणून ठिपके फक्त कडेला रिंगणात नसतात, आतही भरलेले असतात. फक्त बाजूने दिसणारे सिनॅप्स मोजायचे असतील तर ते निवडायचा नियम क्लस्टरच्या लांबी-रुंदीवरून ठरवा, 'फट दिसतेय म्हणून घेतला' असं नको, नाहीतर जे मोजायचंय त्यावरूनच निवड केल्यासारखं होतं. ज्यांच्याकडे अ‍ॅस्टिग्मॅटिझमची लेन्स आहे त्यांनी थ्री-डी करावं, पण तिथे दोन्ही रंगांचं झेड कॅलिब्रेशन वेगवेगळं लागतं.

आणि हे सगळं करून गोल एकाच दिशेला झुकलेलाच राहिला तर फॅसिलिटीवाल्यांना सांगा, पण हात हलवत जाऊ नका. त्याच दिवशीची बीडची फाइल, रॉ फ्रेम आणि हा बाणांचा प्लॉट घेऊन जा. 'इमेज बरोबर येत नाहीये' म्हटलं की सॅम्पल बघा असं उत्तर मिळतं, 'सगळे सिनॅप्स ईशान्येला ९० नॅनोमीटर सरकलेत आणि बीडही तेवढेच सरकलेत' म्हटलं की माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन उठतो.